पनवेलीत पाहण्यासारखे काय आहे?



व्याख्यानाचा हा विषय मी निवडलेला नाही. तो माझ्या व्याह्यांनी निवडला, आणि तोही न सांगता. हकीकत अशी झाली. गेल्या मार्गशीर्षात आमच्या धाकट्या मुलीचे सासरे नागपुराहून आमच्याकडे चार दिवस राहावयास आले. माणूस सरळ, वाचनाची आवड असलेला, चालण्याची तर विशेष. सकाळचा चहा झाला, वर्तमानपत्र बाजूला ठेवले आणि त्यांनी मला विचारले, "मग, पनवेलीत पाहण्यासारखे काय आहे?"

आणि मी, या गावात जन्मलेला, इथल्याच शाळेत चौतीस वर्षे इतिहास शिकवलेला माणूस, चटकन म्हणून गेलो, "पनवेलीत? छे हो. पनवेलीत काय आहे! पण इथून सगळीकडे जाता येते."

उत्तर तोंडातून गेले आणि मलाच ते लागले. कारण ते माझे एकट्याचे उत्तर नव्हे. तुम्हांपैकी प्रत्येकाने कोणा ना कोणा पाहुण्याला ते दिलेले आहे. माथेरान जवळ, अलिबाग जवळ, मुंबई तासाभरावर, पुणे दोन तासांवर, गोव्याचा रस्ता दारातून सुटतो. आपले गाव म्हणजे जणू एक मोठा उंबरठा. एस.टी.च्या काळात कोकणात जाणाऱ्या प्रत्येक माणसाने रात्री-अपरात्री पनवेल पाहिली, पण पाहिली म्हणजे काय, गाडीच्या खिडकीतून चहाचा पेला आत घेतला, एवढेच. अर्धवट झोपेत "पनवेल आली" असे ऐकलेली माणसे महाराष्ट्रात लाखांनी असतील. ती पाहिलेली किती?

व्याह्यांनी माझे उत्तर ऐकले आणि शांतपणे दुसरा प्रश्न केला. "बरे, समुद्र कुठे आहे? ऐकून होतो की पनवेल बंदर आहे."

बंदर होते, हे सांगावयास मी तोंड उघडले, पण त्यांना नुसते सांगून भागेना. तेव्हा त्यांना घेऊन मी दोन दिवस हिंडलो. त्या दोन दिवसांत जे पाहिले ते आज तुमच्यापुढे ठेवतो. तुम्ही म्हणाल, हे तर आम्हांला रोजचेच. रोजचेच आहे, म्हणून तर पाहायचे राहून गेले.

आरंभ बंदरापासून केला पाहिजे. पण बंदरावर केव्हा जायचे हे घड्याळ ठरवीत नाही, तिथी ठरवते. पूर्वीच्या माणसांचा एक सोपा हिशेब होता. तिथीला पाऊणाने गुणावे, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. आमच्या कोकणपट्टीला हा हिशेब थोड्याफार मिनिटांच्या फरकाने आजही बरोबर येतो. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी आणि मध्यरात्री भरती येते ती उधाणाची, पाणी वर चढते. अष्टमीच्या सुमाराची ती भांगाची, बेताची. आमची खाडी उथळ. भरतीचे पाणी आल्याशिवाय मचवा वर येत नसे आणि ओहोटी लागली की चिखलात रुतून बसे. म्हणून मुंबईहून पनवेलीस यायचे म्हणजे आधी पंचांग पाहायचे. लग्नाच्या मुहूर्ताला उशीर झालेला चालत असे, भरतीला चालत नसे.

त्या दिवशी पंचमी होती. पाच पाऊणे पावणेचार. तेव्हा सकाळ गावात घालवायची आणि चारच्या सुमारास पाण्यावर जायचे असे ठरले.

गावात प्रथम मी त्यांना तळी दाखविली. वडाळे, कृष्णाळे, देवाळे, विश्राळे, लेंडाळे आणि इस्रायल तलाव. नावे लक्षात घ्या. एक शेवटचे सोडले तर सगळ्यांच्या अंती 'आळे' आहे. झाडाच्या मुळाशी पाणी धरून ठेवण्यासाठी आपण आळे करतो. गावाच्या मुळाशी आपल्या वाडवडिलांनी अशी आळी केली, असे मला वाटते. व्युत्पत्ती भाषापंडितांनी तपासावी. अर्थ मात्र मला पुरेसा आहे. हे लक्षात ठेवा की खाडीकाठच्या गावाला पाण्याचे सुख नसते. चारी बाजूंनी पाणी, आणि पिण्याला खारे. शिवाय ज्या गावात रोज घाटावरून शेकडो बैल उतरतात आणि मचव्यांतून शेकडो माणसे चढतात, त्या गावाला गोडे पाणी साठवून ठेवल्यावाचून गत्यंतर नसते. तळी ही शोभेसाठी नव्हती. ती बंदराची अर्धी यंत्रणा होती.

वडाळे तलावाच्या काठी बल्लाळेश्वराचे देऊळ आहे, संध्याकाळी फिरणारी मंडळी असतात, म्हातारे बसतात, मुले धावतात. तो तलाव आज पाहावासा वाटतो. बाकीच्यांविषयी मी इथे फारसे बोलत नाही. आपण सगळे त्यांच्या काठावरून रोज जातो आणि नाकाला रुमाल लावायचा की नाही हे ऋतू पाहून ठरवतो. व्याह्यांना एका तळ्याची दगडी पायरी फार आवडली. ते खाली बसले आणि हाताने ती चाचपू लागले. पायरी मधोमध झिजून खोल झालेली होती. "किती पिढ्यांचे पाय असतील हो," असे म्हणाले. त्याच पायरीशेजारी कोणीतरी प्लास्टिकच्या पिशवीतून निर्माल्य टाकलेले होते. ते मी त्यांना दाखविले नाही, त्यांनी पाहिलेच.

इस्रायल तलावाचे नाव ऐकून त्यांना नवल वाटले. मग मी त्यांना महात्मा गांधी रस्त्यावरच्या बेथ एल या प्रार्थनामंदिराशी नेले. ते १८४९ सालचे. बेने इस्रायल समाजाची परंपरा अशी की त्यांचे पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले. कुलाब्यात त्यांनी घाणे घातले, तेल गाळले, शनिवारी काम बंद ठेवले, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. भाषा मराठी, नेसणे नऊवारी, गावाची नावे आडनावात. इस्रायल राष्ट्र १९४८ साली स्थापन झाल्यावर त्यांतले बहुतेक लोक तिकडे गेले. पण पनवेलीतले प्रार्थनामंदिर उभे आहे आणि तलावाला नाव आहे. ज्या देशातून यहुदी माणसाला नेसत्या वस्त्रानिशी पळावे लागले असे देश युरोपात थोडे नाहीत. आपल्या गावाने त्याच्या नावाने तळे ओळखले. पाहुण्याला दाखवण्यासारखी गोष्ट ही नाही तर कोणती?

तिथून बाजार. बाजाराचे वर्णन मी करीत नाही, कारण तिथे काय मिळते हे इथल्या भगिनींना माझ्याहून अधिक ठाऊक आहे. फक्त इतके सांगतो की या गल्ल्यांची रचना ग्राहकासाठी झालेली नाही, ती बैलांसाठी झालेली आहे. भुसार माल, मीठ, मासळी, तांदूळ. खाडीतून वर आलेला माल घाटाकडे आणि घाटावरून आलेला माल खाडीकडे. तालुका भाताचा, म्हणून भातगिरण्या आल्या. व्यापार होता म्हणून पैसा होता, पैसा होता म्हणून दिवाबत्ती आणि झाडलोट यांचा विचार लवकर झाला. आपल्या नगरपालिकेचे जन्मवर्ष १८५२ सांगतात. मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली १८५३ साली. म्हणजे ती आगीनगाडी धावण्याच्या एक वर्ष आधी पनवेलीस नगरपालिका होती! त्याच नगरपालिकेची १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका झाली.

आता एका गोष्टीवर मी थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण ती माझ्या घरातली आहे.

इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये पनवेलीविषयी जी थोडी माहिती आहे तीत दोन गोष्टी नोंदलेल्या आहेत. एक, सन १५७० मध्ये हे बंदर परदेशाशी व्यापार करणारे म्हणून उल्लेखिले गेले आहे. दुसरी, या गावचा मोठा धंदा म्हणजे गाडीची चाके. देशावरचा गाडीवान पनवेलीस उतरला की जमेल तर पनवेली चाकांची एक जोडी घेऊनच परत जाई. विचार करा, बंधूंनो. पैठणीला पैठण, चंदेरीला चंदेरी. तसे चाकाला पनवेल. आमचे पणजोबा या धंद्यात होते. सुतारकाम त्यांचे नव्हे, विक्री त्यांची. मी लहान असताना धंदा संपत आलेला होता, तरी धाव चढविताना मी पाहिली आहे. मधला तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांवर बसविलेले पुट्ठे, आणि सगळ्यांना आवळून धरणारी लोखंडी धाव. धाव चाकापेक्षा किंचित लहान करावयाची. गोवऱ्यांच्या आगीत ती लाल करायची म्हणजे ती वाढते, मग चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची आणि ताबडतोब पाणी ओतायचे. वाफेचा लोट उठे, लाकूड कुरकुरे, आणि थंड होत जाणारे लोखंड सगळे सांधे असे आवळून घेई की खिळ्याची गरज राहत नसे. आम्ही पोरे लांब उभी राहून त्या आवाजाची वाट पाहत असू.

आमच्या ओटीवर अशा चाकांपैकी एक शेवटचे भिंतीला टेकून होते. पुढे घर पाडून इमारत बांधली. चाक कुठे ठेवायचे? बिऱ्हाडात जागा नाही, जिन्यात ठेवू देत नाहीत. एका गृहस्थांनी ते मागितले, आणि मी ते दिले. पैसे घेऊन दिले, हेही सांगतो.

या चाकाची गोष्ट पुन्हा येणार आहे. आता चार वाजत आले, बंदरावर चलू.

उरण नाक्यावरून कोळीवाड्याकडे उतरलो. गाढी नदी खाडीला मिळते तो हा भाग. व्याह्यांच्या मनात बंदर म्हणजे धक्का, गलबते, गोदामे. इथे होते काय? चिखल, तिवरे, वाळत टाकलेली जाळी, तीन-चार होड्या आणि पुलावरून धडधडणारी वाहने. ते काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा पडला हे मला दिसले. मी म्हटले, "जरा थांबा." आम्ही एका कट्ट्यावर बसलो. आणि पंधरा-वीस मिनिटांत, काहीही गाजावाजा न करता, चिखलावर पाण्याची एक रेघ सरकत आली. रेघेमागून पाणी. आडवी पडलेली होडी हळूच सरळ झाली. तिवरांची मुळे बुडाली. व्याही उठून उभे राहिले. विदर्भातला माणूस; नदी एकाच दिशेने वाहते हे ज्याने जन्मभर पाहिले, त्याने पाणी उलटे चढताना पहिल्यांदा पाहिले.

त्या पाण्याकडे पाहत मग मी त्यांना जुन्या गोष्टी सांगितल्या. मुंबई आणि पुणे यांमधला राजरस्ता आगगाडीपूर्वी इथून जाई. मुंबईस होडीत बसायचे, भरतीने पनवेल गाठायची, आणि इथून पालखीने, घोड्याने वा पायी चौक, खोपोली, बोरघाट करीत पुण्यास जायचे. मरायाह ग्रॅहम ही इंग्रज प्रवासिनी १८०९ साली याच वाटेने गेली, बिशप हेबर १८२५ साली गेला. ही झाली लिहून ठेवणारी माणसे. न लिहिणारी किती गेली असतील, वकील, जासूद, सावकार, यात्रेकरू, माहेरवाशिणी!

आणि फौजा. १७७८ च्या नोव्हेंबरात मुंबईकर इंग्रजांची फौज रघुनाथरावांना पुण्याच्या गादीवर बसविण्यासाठी निघाली ती पनवेलीवरून. लढणारी माणसे चार हजारांच्या आत, आणि सामानाचे बैल एकोणीस हजार! हे एकोणीस हजार बैल आपल्या तळ्यांवर पाणी प्यायले असतील त्या दिवसांत गावकऱ्यांनी काय केले असेल, याची मला नेहमी काळजी वाटते. इतिहासकारांना वाटत नाही. ती फौज गोगलगाईच्या चालीने घाट चढली, कार्ल्याला तिचा कप्तान स्टुअर्ट, म्हणजे आपला इष्टुर फाकडा, पडला, तळेगावच्या तळ्यात तोफा टाकून ती मागे फिरली आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला शरण आली. दोन वर्षांनी, १७८१ च्या एप्रिलात, जनरल गॉडर्ड बोरघाटातून पनवेलीकडे मागे हटला, तेव्हा हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन आणि तुकोजी होळकर यांनी त्याला वाटभर असे झोडपले की साडेचारशेहून अधिक माणसे मेली वा जखमी झाली. खोपोलीहून पनवेलीपर्यंतची ती वाट. आज आपण ती अर्ध्या तासात, गाणी ऐकत जातो.

मग हे सगळे संपले कसे? कोणी तोफ डागली नाही. १८३० साली बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि पनवेलीचे भाग्य शिखरावर आले, कारण आता चाके थेट घाट चढू लागली. पण १८५४ साली आगगाडी कल्याणला आली, १८५६ साली खोपोलीपर्यंत आली, १८६३ साली घाट चढून गेली. कल्याणवरून खोपोलीस जाता येऊ लागल्यावर भरतीची वाट कोण पाहणार? उतारू गेला. माल काही दिवस राहिला. मग खाडी गाळाने भरत गेली, मोटार आली, मालही गेला.

गाळाने मेलेली बंदरे जगात पुष्कळ आहेत. आपल्याकडे सोपारा आहे, चौल आहे. युरोपात बेल्जममधले ब्रूज हे एके काळचे केवढे मोठे व्यापारी शहर! त्याला समुद्राशी जोडणारी झ्विनची खाडी गाळाने बुजली, आणि सन १५०० च्या सुमारास व्यापार अँटवर्पला निघून गेला. ब्रूजचे लोक गरीब झाले, इतके की जुनी घरे पाडून नवी बांधायला पैसा उरला नाही. त्या गरिबीने घरे वाचली. आज जगभरचे लोक ती पाहावयास पैसे मोजून येतात. आपली अडचण उलटी आहे. आपल्याला गरिबी टिकविता आली नाही. बंदर गेले तरी रस्ता राहिला, कारखाने आले, सिडको आली, १९६० नंतरच्या दशकात दिव्याहून आगगाडी आली, १९९८ साली मुंबईची लोकल आली, आणि जागेला सोन्याचा भाव आला. ज्याच्या घराखाली सोने आहे तो घर कसे ठेवील? मी तरी कुठे ठेवले? म्हणून वाडे पाडणाऱ्यांना नावे ठेवण्यासाठी मी इथे उभा नाही. मी त्यांतलाच एक आहे.

परंतु घर ही एकाची मालमत्ता आणि खाडी ही सगळ्यांची. २६ जुलै २००५ च्या पुराच्या रात्री ज्यांच्या घरात गाढीचे पाणी शिरले त्यांना मी काय सांगावे? वरून पाऊस आणि खालून भरती एका वेळी आली की पाण्याला पसरायला जागा लागते. तिवरे आणि खाजणे ही ती जागा. ती भरून टाकली की पाणी जागा शोधत आपल्या स्वयंपाकघरात येते. खाडी पाहण्यासारखी आहे ती नुसती सुंदर म्हणून नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोव्याच्या रस्त्याने निघालो. पळस्पे फाट्यावर व्याह्यांनी वडा खाल्ला, कारण त्याची कीर्ती त्यांनी नागपुरात ऐकलेली होती. पाहा, वड्याची कीर्ती नागपूरपर्यंत जाते! मी त्यांना म्हटले, "या पळस्प्याची आणखी एक कीर्ती आहे. १८७९ च्या मे महिन्यात वासुदेव बळवंतांचा साथीदार दौलतराव नाईक याने इथे आणि चिखल्याला दरोडा घातला. लूट घेऊन घाटाकडे परतताना मेजर डॅनियलच्या तुकडीने गाठले आणि दौलतराव गोळी लागून पडला." व्याह्यांनी हातातला वडा खाली ठेवला. पुढे चार मैलांच्या आत शिरढोण, वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव. ४ नोव्हेंबर १८४५ चा जन्म. ज्याने पुढे सरकारला धनगर-रामोश्यांच्या बळावर आव्हान दिले, तो आधी सरकारच्याच लष्करी हिशेबखात्यात कारकून होता. आई अत्यवस्थ असता रजा मिळाली नाही, आणि आईची भेट झाली नाही. जुलै १८७९ मध्ये पकडले, एडनला धाडले. तिथल्या तुरुंगाचे दार बिजागऱ्यांसकट उखडून ते पळाले, पुन्हा धरले गेले, आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथेच गेले. शिरढोणला त्यांचे स्मारक आहे. आम्ही गेलो तेव्हा आमच्याशिवाय तिथे कोणी नव्हते. रस्त्यावरून मात्र मिनिटाला पन्नास गाड्या गोव्याकडे जात होत्या.

शिरढोणहून मान वर केली की कर्नाळा दिसतो. आणि इथे गोष्ट जुळते. वासुदेव बळवंतांचे आजोबा अनंतराव हे कर्नाळ्याचे किल्लेदार. १८१८ साली तो किल्ला इंग्रजांकडे गेला. ज्या घराने किल्ला जाताना पाहिला, त्याच घरात सत्तावीस वर्षांनी हा मुलगा जन्मला. अंगणातून रोज तो सुळका दिसत असला पाहिजे.

कर्नाळ्याविषयी मी संयम ठेवणार आहे, कारण किल्ल्याविषयी बोलू लागलो की माझे विद्यार्थी घड्याळ पाहत असत. उंची दीड हजार फुटांच्या आसपास, त्यावर सव्वाशे फुटांचा सुळका, अंगठ्यासारखा. सुळक्याच्या पोटात पाण्याची टाकी, कड्यावर आग्यामोहोळे. वर गेल्यावर आरडाओरड करू नये, धूर करू नये, ही सूचना मी गंभीरपणे देतो. दरवाजांवर मराठी आणि फारसी लेख आहेत. १६५७ साली शिवाजीमहाराजांनी तो घेतला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात जे तेवीस किल्ले द्यावे लागले त्यांत हा गेला, १६७० साली परत आला. पायथ्याच्या रानाला १९६८ साली पक्षी-अभयारण्य केले. दीडशेहून अधिक जातींचे पक्षी तिथे पाहिले गेले आहेत. आम्हांला भीमराज दिसला, शेपटीच्या दोन तारा मिरवीत. पक्षी दाखवणारा माझा नातू होता, कारण मला आता झाडच कसेबसे दिसते.

पण कर्नाळा चढायचा तो वरून पनवेल पाहण्यासाठी. हा किल्ला बांधला कशासाठी, हे वर उभे राहिल्यावर एका दृष्टिक्षेपात कळते. पूर्वेला प्रबळगड आणि माथेरान, त्यापलीकडे घाटाची भिंत. पश्चिमेला मुंबईची खाडी. आणि मधोमध, पाणी संपते आणि वाट सुरू होते त्या ठिकाणी, आपले गाव. जो हा सुळका धरील त्याला बंदरातून घाटाकडे जाणारा प्रत्येक बैल मोजता येईल. बैल नाहीत आता. त्यांच्या जागी वायव्येला एक लांब, सरळ, राखी पट्टी दिसली. नवी मुंबईचे विमानतळ. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून विमाने उडू लागली. आम्ही गेलो तेव्हा उड्डाणांना थोडेच दिवस उरले होते. त्यासाठी उलव्याची टेकडी सपाट केली, नदीचा प्रवाह वळवला, दहा गावे उठली. व्याह्यांनी विचारले, "मग पनवेल आता पुन्हा बंदर होणार म्हणायची?"

प्रश्न मार्मिक होता. माणसे पुन्हा इथे उतरणार, हे खरे. परंतु उतरलेला माणूस गावात येईल की वरच्या पुलावरून पुण्यास आणि मुंबईस निघून जाईल? पूर्वी भरतीने त्याला थांबवून धरले होते. पाण्याची वाट पाहता पाहता तो बाजारात हिंडे, चाकांची जोडी घेई, तळ्यावर अंघोळ करी. आता त्याला थांबविणारे काही नाही. तो थांबला तर आपण काही दाखवले म्हणूनच थांबेल.

आणि दाखवायचे ते सगळे गोडगोडच असावे असे मी मानत नाही. उरणच्या रस्त्याला जासईला हुतात्म्यांचे स्मारक आहे. जानेवारी १९८४ मध्ये आपल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी उठलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्या रक्तातून आली. त्याच तालुक्यात चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० चा जंगल सत्याग्रह झाला. विमानातून उतरणाऱ्याने ज्या मातीवर पाय ठेवला तिची किंमत कोणी दिली, हे त्याने पाहिले तर बिघडले कुठे?

परतताना चहाला थांबलो. गोव्याच्या रस्त्यावरच एक मोठे, झगमगीत उपाहारगृह आहे. नाव सांगत नाही. आत गेलो तर समोरच्या भिंतीवर एक बैलगाडीचे चाक टांगलेले, आऱ्यांमधून विजेचे छोटे दिवे ओवलेले. व्याही कौतुकाने पाहू लागले. माझ्या नातवाने विचारले, "आजोबा, हे काय लावलंय?" मी जवळ गेलो. एका पुट्ठ्याला लहानपणी मी खिळ्याने कोरलेले माझे अक्षर होते.

मी त्यांना सांगितले. नातू म्हणाला, "मग आपण परत मागूया ना." व्याही काही बोलले नाहीत. त्यांनी चहाचे पैसे दिले, आणि जाताना धावेवरून एकदा हात फिरवला.

चाक मी परत मागितलेले नाही. ते विकलेले आहे, आणि तिथे निदान दहा माणसे रोज त्याच्याकडे पाहतात. मात्र त्याच्याखाली एक पाटी लावू द्या, एवढी विनंती मी त्या मालकांना केली. पाटीवर तीनच शब्द: 'पनवेलीत घडलेले चाक'. ते हो म्हणाले आहेत. पाटी मी स्वतः रंगवून घेतली आहे. येत्या आठवड्यात लागेल.

महाराजांनी मला दिलेला वेळ संपत आला. हिवाळ्यात वालाच्या शेंगा आल्या की शेतावर भांबुर्ड्याचा पाला घालून मडके उलटे पुरतात आणि पोपटी लावतात, तीही पाहुण्याला दाखवावी, नव्हे खिलवावी, हे सांगायचे राहिले होते. धूतपापेश्वरच्या कारखान्याविषयीही बोलायचे होते. १८७२ सालापासून या गावातून आयुर्वेदाची औषधे देशभर जात आहेत. ते पुढच्या वर्षी, चालकांनी बोलावले तर.

तूर्त इतकेच सांगतो. येत्या रविवारी चतुर्थी आहे. चार पाऊणे तीन. आपल्या खाडीच्या टोकाला पाणी पोचायला थोडा वेळ अधिक लागतो. मी अडीच वाजता उरण नाक्यावर उभा असेन आणि तिथून कोळीवाड्याकडे उतरेन. ज्यांना यायचे असेल त्यांनी यावे. ऊन फार आहे, छत्री आणावी. आणि पायांत जुन्या चपला घालाव्या, चिखल आहे.